परवल आणि शिक्का

मराठी महाजालावर वावरणाऱ्यांच्या पहिल्या पिढीने ‘पासवर्ड’साठी ‘परवलीचा शब्द’ हा प्रतिशब्द वापरात आणला आणि तो पाहता पाहता रुळला. शब्द देखणा आहे, त्याला इतिहासाचा वास आहे, आणि ‘गुप्तशब्द’ किंवा ‘संकेतशब्द’ यांच्यापेक्षा तो कानाला अधिक मराठी वाटतो. तरीही या लेखात त्याच्याशी थोडे भांडायचे आहे. भांडणाचे कारण भाषाशुद्धीचे नाही. आपल्या जमिनींची दप्तरे गेल्या दोन-अडीच दशकांत कागदावरून संगणकातल्या विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, गेली आहेत. आणि त्या दप्तरात कोणी लिहावे हे आता सदस्यनाम व परवलीचा शब्द या जोडीवर ठरू लागले आहे. अशा वेळी ‘परवल’ या शब्दाबरोबर जी कल्पना नकळत आपल्या डोक्यात शिरते ती चुकीची असेल, तर तिची किंमत कोणातरी खातेदाराला मोजावी लागते.

परवल ही मूळ फौजेची चीज. रात्री तळाभोवती पहारा बसे, अंधारातून येणाऱ्याला पहारेकरी हटकत असे, आणि त्या रात्रीपुरता ठरलेला शब्द ज्याला सांगता येईल त्याला आत सोडले जाई. यातली मेख अशी की परवल साऱ्या फौजेची एकच असते. ती सांगणारा आपल्यापैकी आहे एवढेच पहारेकऱ्याला कळते. तो कोण, कोणत्या पथकाचा, आत जाऊन काय करणार, हे त्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. इंग्रजी ‘पासवर्ड’चा जन्मही असाच पहाऱ्यावरचा आहे; तेव्हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. मात्र परवल वाटून घेण्यासाठीच असते, हे तिचे लक्षण आपण शब्दाबरोबर उचलले आणि कार्यालयाकार्यालयांतून इमानेइतबारे पाळले.

याच्या उलट दुसरी एक मराठी वस्तू आहे: शिक्का. पेशवाईत पदाची वस्त्रे देताना त्याबरोबर शिक्केकट्यार दिली जाई आणि पद काढून घेताना ती परत घेतली जाई. शिक्का ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची, हा त्यामागचा सरळ अर्थ. शिवकालीन पत्रे पाहणाऱ्यांना ‘मर्यादेयं विराजते’ ही शेवटची छोटी मुद्रा ठाऊक असते. मजकूर इथे संपला, याच्या पुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, हे सांगण्याचे तिचे काम. पत्र निघण्यापूर्वी ते कोणाकडे रुजू झाले, कोणत्या दप्तरी दाखल झाले, याचे शेरे त्यावर असत. म्हणजे कागद कोणाकोणाच्या हाताखालून गेला हे कागदच सांगत असे. जमिनीची, इनामाची, वतनाची भांडणे पिढ्यानपिढ्या चालवणाऱ्या समाजाला लिहिलेले कोणी लिहिले हा प्रश्न किती महत्त्वाचा वाटत होता, हे या साध्या व्यवस्थेवरून दिसते. ‘ध’चा ‘मा’ करण्याची आख्यायिका इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते हा वाद बाजूला ठेवू. पण ३० ऑगस्ट १७७३ च्या नारायणरावाच्या खुनापासून आजपर्यंत ही गोष्ट मराठी माणसाच्या तोंडी टिकून राहिली आहे, याचे कारण तिच्यातली भीती खरी आहे. एक अक्षर बदलते, माणूस जातो, आणि अक्षर कोणी बदलले यावर पुढे शतके वाद चालतो.

कागदावर निदान शाईचा रंग वेगळा दिसतो, खाडाखोड कळते, हस्ताक्षर ओळखता येते. विदागारात यांतले काहीच नसते. तिथे ‘ध’ जाऊन ‘मा’ आला, तर तो जणू पहिल्यापासून तिथेच होता इतका नितळ दिसतो. म्हणूनच विदागार उभारणाऱ्याने पहिल्या दिवशी ठरवायची गोष्ट ही की इथे लिहिणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले गेले पाहिजे. सदस्यनाम व परवलीचा शब्द यांची व्यवस्था त्यासाठी असते. परक्याला बाहेर ठेवणे हे तिचे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम, आणि माझ्या मते अधिक मोलाचे, म्हणजे आतल्याला नाव देणे.

या व्यवस्थेचा जन्मही हेच सांगतो. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची प्रणाली घडवली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि यंत्राचा कोणी किती वेळ वापरला याचा हिशेब राहावा, म्हणून प्रत्येकाला नाव व शब्द देण्यात आले. संगणकाच्या दुनियेत याला आजही ‘खाते’ म्हणतात, आणि हा शब्द मात्र आपण अचूक निवडला. खाते म्हणजे ज्याच्या नावे जमा आणि खर्च मांडता येतो ते. गंमत अशी की या व्यवस्थेला पहिला सुरुंगही लवकरच, १९६२ मध्ये, लागला. ॲलन शेर या संशोधकाला मिळालेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांचे शब्द ज्या फायलीत साठवले होते तीच छापून मागवली आणि इतरांच्या खात्यांवर आपले काम उरकले. चोरी झाली ती वेळेची. पण त्याहून वाईट म्हणजे हिशेबात ज्यांची नावे लागली त्यांनी तो वेळ वापरलाच नव्हता. खाते दुसऱ्याच्या हाती गेले की खातेदाराच्या नावावर खोटे बोलता येते, हा धडा साठ वर्षांहून जुना आहे.

त्यातून पुढे जे शहाणपण आले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. शब्द जसाच्या तसा साठवूच नये. दळलेल्या पिठावरून जसे दाणे परत करता येत नाहीत, तशा एकेरी गणिती प्रक्रियेतून तो काढावा आणि फक्त पीठ ठेवावे. पुढच्या वेळी आलेला शब्द पुन्हा दळून पीठ जुळते का ते पाहावे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या निबंधात यात प्रत्येकाच्या पिठात वेगळे ‘मीठ’ मिसळण्याची पद्धत सांगितली आहे. पारिभाषिक शब्दच मीठ असा आहे. त्यामुळे दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला तरी त्यांचे पीठ वेगळे दिसते. याखेरीज प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला लिहिता येऊ नये. ज्याला लिहायचे आहे त्याला पुसता येऊ नये. आणि सर्वाधिकार असलेले खाते रोजच्या कामाला वापरूच नये. यात अवघड असे काही नाही. कोणताही होतकरू तंत्रज्ञ हे एका दुपारी उभे करतो.

तरीही ते होत नाही. मोंगोडीबी नावाचे एक लोकप्रिय विदागार आहे. ते बसवले की सुरुवातीला कोणालाही नाव-गाव न विचारता आत घेत असे. पहारा आपण होऊन चालू करावा लागे. अनेकांनी तो केलाच नाही आणि विदागार तसेच महाजालावर उघडे ठेवले. जानेवारी २०१७ मध्ये अशी हजारो विदागारे कोणीतरी रिकामी केली आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षी आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून ते विदागार सांगितल्याशिवाय बाहेरच्या जाळ्याशी बोलेनासे झाले; पण पहारा चालू करण्याचे काम बसवणाऱ्याकडेच राहिले. दाराला कडीच नसल्याचा हा प्रकार निदान लवकर ध्यानात येतो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. तिथे कडी आहे, कुलूप आहे, पहारा आहे, आणि सगळ्यांची परवल एकच आहे. या दुसऱ्या प्रकाराचे परिणाम पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. ते आमच्या वरवंडला दिसतात, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात दिसतील.

वरवंड हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला आणि पाटस यांच्या मधले गाव. मुठेच्या कालव्याचे पाणी, इंग्रजी अमदानीतला व्हिक्टोरिया तलाव, उसाची शेती, आणि महामार्गाने जमिनीला आणलेला भाव. ज्या गावात जमिनीला भाव येतो त्या गावात सातबाराला वजन येते. पीककर्ज हवे तर सातबारा आणि आठ-अ. भूसंपादनाचा मोबदला सातबारावरच्या नावाला. भावाभावांत वाटणी, बहिणीचा हक्कसोड, विहिरीतला हिस्सा, बँकेचा बोजा, सारे तिथेच. सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, तिच्याविरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची असते. म्हणजे नोंद खोटी असेल तर ती खोटी ठरवण्याचा सारा खटाटोप ज्याचे नाव उडाले त्याने करायचा.

हे जाणूनच कायद्याने नोंदीला दोन हात लावले आहेत. कलम १५० खाली फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद धरतो तो तलाठी; २०२४ पासून या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर नोंद लागते, हरकतीला मुदत मिळते, आणि मग मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. लिहिणारा एक, तपासून शिक्कामोर्तब करणारा दुसरा. हस्तलिखित दप्तर संगणकात नेताना राहिलेल्या चुका काढण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव सातबाराचे चावडीवाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. फेरफाराची सद्यस्थिती संकेतस्थळावर पाहता येते. हे सारे स्वागतार्ह आहे, आणि तलाठ्याच्या घरी चार हेलपाटे घातलेल्या पिढीला तर ते रामराज्य वाटावे.

पण संगणकात दोन हात म्हणजे दोन खाती. त्या दोन खात्यांचे शब्द एकाच टेबलाच्या काचेखाली एकाच चिठ्ठीवर लिहिलेले असतील, तर कायद्यातले दोन हात प्रत्यक्षात एक होतात. आणि तो एक हातही कोणाचा हे सांगता येत नाही. वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला ‘झिरो तलाठी’ हा शब्द नवा नाही. सरकारी यादीत ज्याचे नाव नाही, पगार नाही, पद नाही, पण जो कार्यालयात बसून साहेबांच्या नावाने आत शिरतो आणि नोंदी करतो, तो झिरो. नाव देणाऱ्याच्या प्रतिभेला दाद दिली पाहिजे. विदागाराच्या भाषेत तो अक्षरशः शून्य असतो. त्याने केलेल्या एकाही नोंदीत त्याचा मागमूस नसतो.

या ठिकाणी तलाठ्याला झोडपून मोकळे होणे सोपे आहे. ते मला मान्य नाही. एकेका सजाखाली कैक गावे, पंचनामे, निवडणुका, दाखले, अनुदानाच्या याद्या, वरून रोज येणारा नवा तक्ता. एवढे काम एका माणसाच्या अंगावर टाकायचे, मदतनीस द्यायचा नाही, आणि त्याने मदतनीस ठेवला की कपाळाला हात लावायचा, हा दांभिकपणा आहे. प्रश्न मदतनिसाचा नाही. प्रश्न इतकाच की तो मदतनीस दप्तरात स्वतःच्या नावाने का दिसत नाही. त्याला मर्यादित अधिकाराचे वेगळे खाते द्या, त्याने फक्त मसुदा टंकावा, आणि साहेबांनी स्वतःच्या खात्यातून तो वाचून पुढे न्यावा. तंत्र याला कोठेच आडवे येत नाही. आडवी येते ती आपली सवय.

ती सवय केवळ कार्यालयातली नाही, आपल्या सर्वांची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि गाव नमुना बारामध्ये स्वतःच्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून करावी असे ठरले. दप्तराच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही. ज्या दप्तराकडे कुणब्याने पिढ्यानपिढ्या दुरून पाहिले, त्यात त्याला स्वतःच्या हाताने लिहिण्याचा अधिकार मिळाला. आमच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात मी या अधिकाराचे काय झाले ते पाहिले. काउंटरवर एक शंभर पानी वही होती. तीत एकेका ओळीवर शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक, निरनिराळ्या योजनांची सदस्यनामे आणि परवलीचे शब्द ओळीने लिहिलेले होते. बहुतेक शब्द त्या दुकानातल्या पोरानेच ठरवलेले असल्यामुळे एकाच सुरातले होते. कुठे नावापुढे १२३, कुठे गावापुढे १२३. पोरगा प्रामाणिक. लोक येत, फोन त्याच्या हाती देत आणि चहाला जात. “तुझ्याकडंच राहू दे बाबा, मला कुठं ध्यानात राहतंय,” असे एक म्हातारबा म्हणाले, आणि त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून रानात जाणे हा गावचा रिवाजच आहे. पासवर्ड देण्याला नकार देणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे, असा अर्थ गावात होतो. शहरातल्या कार्यालयांत तरी वेगळे काय होते?

त्या वहीकडे पाहताना मला याच टापूतल्या दुसऱ्या कागदांची आठवण झाली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, आमच्या गावापासून फार लांब नव्हे, बाजाराच्या दिवशी जमाव उठला आणि दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात गेलेले प्रकरण पेटले. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या जात. जिथे ते निमूटपणे हाती दिले गेले तिथे पुढे फारसे काही होत नसे. शेतकऱ्याला ते कागद वाचता येत नव्हते. त्यावर त्याची निशाणी म्हणून नांगर काढलेला असे. आता नांगराची निशाणी हीही एक परवलच नव्हे काय? ती काढणारा कुणबी आहे एवढे सांगते. कोणता कुणबी, हे सांगत नाही. ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याच्या हाताचा त्या कागदावर कसलाही खुणेचा पुरावा नाही, लिहिणारा समोरच्या पक्षाचा, आणि कागद न्यायालयात मात्र खरा. अशा दप्तरावरचा विश्वास उडाला की माणूस दुरुस्तीचा अर्ज करत बसत नाही. तो काडी लावतो.

सरकारने त्यानंतर काय केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकाराच्या पेटीला भक्कम कुलूप लावले नाही. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, आणि मागितल्यावर हिशेबाचा उतारा मिळावा, अशी तरतूद केली. म्हणजे लिहिणारा नाव-गाव असलेला, उत्तरदायी माणूस हवा, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते पाहता यावे. कायद्याचे पुढे जे यशापयश झाले ते झाले. पण दप्तर विश्वासार्ह कशाने होते याचे त्यातले निदान मला आजच्या कितीतरी संगणकीय योजनांपेक्षा अचूक वाटते.

यावर जाणकारांचे एक उत्तर ठरलेले असते. परवलीचा शब्द आता जुना झाला. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आले, अंगठ्याचा ठसा आला, उद्या आणखी काही येईल, मग उधार देण्याचा प्रश्नच मिटेल. ही साधने चांगली आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत. पण टोकन ही बोटाएवढी वस्तू आहे. ती ड्रॉवरमध्ये ठेवून जाता येते आणि तिचा आकडा तिच्यावरच चिकटवता येतो. अंगठा उधार देता येत नाही हे खरे; परंतु सकाळी अंगठा लावून खाते उघडून दिले आणि दिवसभर दुसऱ्याने टंकले, तर ठसा साहेबांचा आणि अक्षर झिरोचे. शिक्का सोन्याचा केला तरी तो कारकुनाच्या खिशात राहणार असेल तर उपयोग नाही. दर महिन्याला शब्द बदलायला लावणे हाही असाच एक खुळा उपाय. अमेरिकेच्या मानक संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेतून हे खूळ जगभर पसरवले आणि २०१७ मध्ये स्वतःच मागे घेतले. कारण सक्तीने बदललेला शब्द माणूस लक्षात ठेवत नाही, चिठ्ठीवर लिहितो. त्यापेक्षा एकच लांबलचक, स्वतःला आठवेल असा शब्द असावा आणि तो स्वतःपाशीच असावा, हे बरे.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे आणि त्याचे उत्तर मानवी पातळीवरच दिले पाहिजे. गाव विश्वासावर चालते, तिथे प्रत्येकाने आपापली मूठ झाकून बसावे काय? माझे म्हणणे उलट आहे. वाटून घेतलेला शब्द पहिला घात करतो तो विश्वासाचाच. समजा, एका खात्यातून एका गटाच्या सातबारावरचे एक नाव गेले. खाते पाच जण वापरतात. ज्याच्या नावाचे ते आहे त्या अधिकाऱ्याला आपण निर्दोष आहोत हे कशाने दाखवता येणार? दप्तर त्याच्याकडेच बोट दाखवते. मदतनीस प्रामाणिक असला तरी त्यालाही ते सिद्ध करता येत नाही, कारण दप्तरात तो नाहीच. दुकानातल्या पोराचेही तसेच. उद्या कोणाच्या अनुदानाची रक्कम भलत्या खात्यावर गेली, तर शंभर जणांचे शब्द ज्या वहीत आहेत त्या वहीचा मालक पहिला संशयित ठरेल, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष द्यायला कोणी यंत्र उभे राहणार नाही. स्वतःचा शब्द स्वतःपाशी ठेवणे हा दुसऱ्यावरचा अविश्वास नव्हे. आपल्याला ज्याच्याविषयी आस्था आहे त्याला उद्याच्या संशयातून वाचवणे होय. म्हातारबांना हे असेच सांगितले तर समजते. पोराला जपायचे असेल तर त्याच्या डोक्यावर हे ओझे ठेवू नका, असे सांगावे.

तेव्हा मागणी काय करायची? आपण नागरिक म्हणून आजवर एकच मागत आलो: उतारा लवकर मिळावा, घरी मिळावा, स्वस्तात मिळावा. तो मिळाला. आता पुढची मागणी उताऱ्यामागच्या हाताची असली पाहिजे. माझ्या गटावर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या खात्यातून, काय बदलले, हा तपशील उताऱ्याइतक्याच सहजपणे खातेदाराला मिळावा. जमिनीचा इतिहास सांगणारी फेरफारांची यादी सातबारावर असतेच. पण ती कायदेशीर टप्प्यांची यादी आहे. मला हवी आहे ती विदागाराच्या आतली नोंदवही: मसुदा कोणी टंकला, कोणी वाचला, कोणी प्रमाणित केला, आणि कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून दुरुस्ती झाली असेल तर ती कोणाच्या खात्यातून झाली.

ही नोंदवही खरी ठरण्यासाठी विदागाराच्या रचनेत काही गोष्टी आधी व्हाव्या लागतात. ‘कार्यालय’, ‘तहसील’, ‘ॲडमिन’ अशी बिननावाची खाती असू नयेत. जिवंत माणसाचे नाव असलेलीच असावीत. बऱ्याच प्रणालींत वापरणारे पन्नास असतात, पण प्रणाली विदागाराशी एकाच सर्वाधिकारी खात्याने बोलते, आणि विदागाराला सारे पन्नास जण एकच वाटतात. हा आळस मोडून मूळ माणसाचे नाव तळापर्यंत पोहोचवले पाहिजे. बदली झाली की त्याच दिवशी खाते बंद व्हावे. पेशव्यांच्या दरबारात शिक्केकट्यार परत घेतली जात असे, तर आपल्याला एक कळ दाबणे जड का जावे? लिहिणारे आणि प्रमाणित करणारे खाते एकाच संगणकावरून पाठोपाठ उघडले तर यंत्रणेने कान टवकारावेत. आणि या नोंदवहीत खुद्द विदागार सांभाळणाऱ्यालाही खाडाखोड करता येऊ नये. ‘मर्यादेयं विराजते’ हे तिथे खऱ्या अर्थाने लागू व्हावे.

यातली एकही गोष्ट मागण्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. ग्रामसभेत उठून विचारता येईल असा हा प्रश्न आहे: आमच्या नोंदी कोणाच्या हाताने होतात, आणि तो हात दप्तरात दिसतो का? १९५१ साली कुलकर्णी वतने कायद्याने गेली, तेव्हा दप्तर एका घराण्याच्या मालकीतून सुटून पगारी नोकराच्या हाती आले. हा बदल मोठा होता, कारण त्यानंतर दप्तराविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार तत्त्वतः साऱ्या गावाला मिळाला. दप्तर आता पडद्याआड गेले आहे म्हणून तो अधिकार आपण सोडून देऊ नये.

राहता राहिला शब्दाचा वाद. ‘परवलीचा शब्द’ आता इतका रुळला आहे की तो बदलावा अशी सूचना करण्यात अर्थ नाही; भाषा अशा सूचनांना भीक घालत नाही, आणि ते योग्यच आहे. शब्द राहू द्यावा. मात्र नव्या कारकुनाला, नव्या तंत्रज्ञाला, दुकानातल्या पोराला आणि चहाला निघालेल्या म्हातारबांना तो शिकवताना, पहाऱ्यावरच्या शिपायाचा दाखला न देता शिक्क्याचा द्यावा. परवल चुकली तर फार तर रात्रभर तळाबाहेर राहावे लागते. शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला, तर आपण न लिहिलेल्या अक्षरांचा जाब आपल्याला द्यावा लागतो, आणि ज्याची जमीन गेली त्याला तो मागायला माणूससुद्धा सापडत नाही.